भिंतीची सर्दी

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. गेल्या पाऊणशे वर्षांत इतक्या लवकर यायची त्याची ही पहिलीच खेप. छत्र्यांच्या काड्या मोडलेल्या होत्या, गच्चीवर घालायच्या ताडपत्र्या दुकानातच होत्या, मुलांचे रेनकोट गेल्या वर्षीच्या मापाचे होते. सगळं शहर बेसावध सापडलं. तयारीत होती ती एकटी बुरशी. तिला कुठून यावं लागत नाही. कपाटामागच्या फटीत, फ्रिजच्या दाराच्या रबरात, माळ्यावरच्या सतरंजीच्या घडीत ती वर्षभर बसून असते आणि पाणी मिळालं की कामाला लागते.

घरच्यांना तिचा पहिला पत्ता लागतो तो चामड्यावर. जुलैत कुणाच्या तरी बारशाला जायचं म्हणून कपाटातून पट्टा काढावा, तर त्यावर हिरवट-पांढरी लव. मग एकेक नावं पुढे येतात: कोल्हापुरी चपला, आजोबांच्या चष्म्याचं घर, हार्मोनियमचा भाता, लग्नाचा अल्बम. भिंतीचा नंबर शेवटी लागतो. वास्तविक सगळ्यात जुनी बुरशी तिथलीच असते, पण तिच्यावर ‘कालनिर्णय’ टांगलेलं असतं. मराठी घरात हे कॅलेंडर दोन कामं करतं, तिथी दाखवतं आणि ओल झाकतं. दुसऱ्या कामासाठी ते दर पावसाळ्यात खिळा बदलून वीतभर डावीकडे सरकतं.

साधारण याच सुमाराला घरातलं एक माणूस शिंकू लागतं. एकच. बाकीचे चौघे त्याच हवेत भजी खात मजेत असतात, आणि तीच त्या एकाची खरी पंचाईत. कारण कौल चार विरुद्ध एक असा लागतो. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची सलग माळ सुरू झाली की घर आधी गुन्हा शोधतं. रात्री दही खाल्लं. केस ओले ठेवून झोपली. पंखा पाचावर होता. काल त्या अमक्याच्या घरी फ्रिजमधलं पाणी प्यायला. आरोपी सापडतो, पुरावा सापडतो, शिक्षा म्हणून काढाही उकळतो. भिंतीची चौकशी होत नाही.

साधी सर्दी आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत गाशा गुंडाळते. या माणसाची सर्दी मृग नक्षत्रात बसते आणि हस्त संपेपर्यंत उठत नाही. ताप नाही, अंग दुखत नाही. नाकातून नुसतं पाणी. डोळे चुरचुरतात, आणि टाळूला अशा ठिकाणी खाज सुटते जिथे बोट पोचत नाही, मग जीभ टाळ्याला घासून एक विचित्र टक्-टक् आवाज काढावा लागतो. सहकाऱ्यांना वाटतं हा कशाला तरी नापसंती दाखवतो आहे. रात्री कुबट खोलीत त्रास वाढतो, ऑफिसात कमी होतो, आणि सोलापूरच्या मावशीकडे गेलं की तिसऱ्या दिवशी नाक चक्क श्वास घेण्यासाठी वापरता येतं. यावर घरचे म्हणतात, “बघा, इथं कामाचा कंटाळा, तिकडे कसा ठणठणीत!” ॲलर्जीचे डॉक्टर मात्र नेमका हाच प्रश्न आधी विचारतात: घराबाहेर गेल्यावर बरं वाटतं का? मावशीने जे निदान फुकटात केलेलं असतं, त्याची इथे पहिल्यांदा कुणीतरी नोंद घेतं.

बुरशी हवेत सोडते ते बीजाणू. आकार काही सहस्रांश मिलिमीटर. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे तर इतके बारीक की नाकाच्या केसांना हुलकावणी देऊन थेट खाली फुफ्फुसापर्यंत पोचावेत. क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया ही ॲलर्जी करणाऱ्यांतली आणखी दोन ठळक घराणी. बीजाणू नाहीत अशी हवा रस्त्यावरही नसते आणि देवघरातही नसते. बहुतेकांचं शरीर त्यांच्याकडे दुर्लक्ष करतं. ॲलर्जी असलेल्याचं शरीर दुर्लक्ष करत नाही. त्याने त्या बीजाणूंविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं आधीच तयार करून नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या पेशींवर चढवून ठेवलेली असतात. बीजाणू आला, ओळख पटली, पेशी चेतली, हिस्टामिन बाहेर. पुढचं सगळं नाक करतं. १८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की बुरशीचे बीजाणू मुद्दाम हुंगल्यावर त्याची छाती भरून आली. त्याला स्वतःला परागकणांचा त्रास होता आणि जे सापडेल ते नाकाशी नेऊन पाहायची शास्त्रीय खोड होती. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी काढला तो त्यानंतर, १९०६ साली. तोपर्यंत लोक बिननावाचे शिंकत होते.

या सगळ्या प्रकरणाची किल्ली पाण्याकडे आहे. बुरशीला खायला फारसं काही लागत नाही. रंगातले पदार्थ, पुस्तकाच्या बांधणीची खळ, प्लायवुड, चामडं, नुसती धूळसुद्धा तिला पुरते. पुरत नाही ती कोरडी हवा. घरातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली, जमलं तर तीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवा, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. तीच संस्था असंही सांगते की भिजलेली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळवली तर बुरशी सहसा धरत नाही. हे वाक्य गिरगावातल्या किंवा डोंबिवलीतल्या गृहिणीला जुलै महिन्यात वाचून दाखवावं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहावं. अठ्ठेचाळीस तासांत तिथे जीन्सचा कमरपट्टासुद्धा वाळलेला नसतो. आंबोलीसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे तर हा सल्ला विनोद म्हणूनच ऐकला जाईल.

आर्द्रता मोजायला यंत्र मिळतं, पण ते नसलं तरी प्रत्येक स्वयंपाकघरात एक असतंच. शुद्ध मीठ साधारण पंचाहत्तर टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडं राहतं आणि आर्द्रता त्याच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. जेवणाच्या टेबलावरची मिठाची डबी पाझरू लागली याचा अर्थ घरातली हवा बुरशीला अगदी मनाजोगी झालेली आहे. मीठ इतक्या स्वच्छ शब्दांत सांगत असतं, आणि घर काय करतं, तर मिठात तांदळाचे दाणे टाकतं. मिठाच्या तक्रारीची दखल घेतली जाते हे इथे महत्त्वाचं. शिंकणाऱ्याच्या नाकानेही तेच सांगितलेलं असतं, आठ दिवस आधी.

मग हे पाणी येतं कुठून? थोडं घरातलेच लोक तयार करतात. चार माणसांचे श्वास, अंघोळी, कुकरच्या शिट्ट्या, फरशी पुसणं, सगळं मिळून रोज दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. त्यात पावसाळ्यातले कपडे. मुंबईच्या वन-बीएचकेमध्ये दिवाणखान्यात दोऱ्या बांधल्या जातात, त्यावर चादरी येतात, आणि टीव्ही पाहायला माणसं चादरींच्या खालून वाकून जातात. पंखा रात्रंदिवस फिरतो. मशीनमधून निघालेले कपडे वजनकाट्यावर ठेवले आणि वाळल्यावर पुन्हा ठेवले, तर लिटर-दोन लिटरचा फरक सहज दिसेल. तो फरक कुठे गेला, तर समोरच्या भिंतीत. खिडकी उघडावी तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली. बंद ठेवावी तर आतली बाहेर जात नाही. या पेचावर अनेक घरांनी काढलेला तोडगा म्हणजे खिडकी अर्धी उघडी ठेवणं. त्यात दोन्हींचे तोटे मिळतात.

पण घरचं पाणी हे किरकोळ प्रकरण. घाऊक पाणी येतं वरून.

वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये झिरपणारं पाणी ही मराठी मध्यमवर्गाच्या सामाजिक जीवनातली एक स्वतंत्र संस्था आहे. खालचे काका वर जाऊन बेल दाबतात. वरच्या काकू दार अर्धं उघडतात. “आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे हो,” त्या म्हणतात, आणि ते खरंच असतं. पाणी खाली गेलेलं असतं. काका फोनमधला फोटो दाखवतात. काकू फोटो मोठा करून पाहतात आणि म्हणतात, “हे तर पाइपाचं दिसतंय. पाइप म्हणजे सोसायटीचा.” सोसायटीचे सेक्रेटरी येऊन हात लावून पाहतात, बोटाचा वास घेतात, आणि म्हणतात, “हे आतलं लीकेज. आतलं म्हणजे मेंबरचं.” राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत या वाटणीची तरतूद आहे: गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाची गळती, सामाईक नळ हे संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचे, आणि सदनिकेच्या आतलं सदस्याने. कागदावर रेषा अगदी सरळ आहे. पाण्याने मात्र उपविधी वाचलेले नसतात. ते वरच्या न्हाणीघरात शिरतं, स्लॅबमधून आडवं चालत तिसऱ्याच खोलीच्या कोपऱ्यात उतरतं, आणि तिथे पोचेपर्यंत त्याचं मूळ गाव कोणतं हे कुणालाच सांगता येत नाही. दरम्यान काकांच्या सुनेला रात्री दोनला खोकल्याची उबळ येते, आणि तिला दही बंद केलं जातं.

भिंतीवरच्या डागाचं काय करायचं यावरचा एक अतिशय जुना लेखी नियम बायबलमध्ये आहे. लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर कार्यपद्धती दिली आहे. घरमालकाने याजकाला कळवायचं. याजकाने येऊन पाहणी करायची, घर सात दिवस बंद ठेवायचं आणि पुन्हा पाहायचं. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतून भिंत खरवडायची, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. इतकं करून चट्टा परत आला, तर घर पाडायचं. हजारो वर्षांपूर्वीच्या या मजकुरात दोन गोष्टी लक्षात येतात. एक, याजक स्वतः येऊन पाहतो, आणि आठवड्याने परत येतो. आजच्या कोणत्याही सोसायटीत हे घडलं तर त्याचा सत्कार होईल. दुसरी, शेवटच्या उपायाला मुंबईत पुनर्विकास म्हणतात.

घर पाडण्याच्या अलीकडचा उपाय म्हणजे रंगारी. तो डागाकडे पाहून एकच वाक्य बोलतो, “पुट्टी मारून देतो साहेब, डाग दिसणार नाही.” या वाक्यात कुठेही लबाडी नाही. डाग जाणार नाही, दिसणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं असतं आणि दिवाळीपर्यंत तो ते पाळतो. ओल्या भिंतीवर चढवलेला प्लास्टिक पेंट आतलं पाणी आत कोंडतो. मग त्याला फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि पोपड्यामागून बुरशी ताजी होऊन बाहेर पडते. आधीच्या पिढ्या दरवर्षी चुना काढत. चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला त्यावर जम बसवणं अवघड जातं, आणि त्यातून भिंतीला श्वास घेता येतो. कोकणात आणि गोव्यात पावसाच्या माऱ्याच्या बाजूला पडवीला झावळ्यांची झापं बांधायची पद्धत होती. भिंत भिजूच द्यायची नाही असा साधा हिशेब. मुंबईत भिंतीवर चुना दिसला की घराचं भाडं कमी होतं, म्हणून तो गेला. (सगळ्याच पांढऱ्या पुडीला बुरशी समजू नये, हेही इथे सांगितलं पाहिजे. गिलाव्यातले क्षार ओलीबरोबर वर येऊन पांढरी पूड धरतात; थेंबभर पाण्यात ती विरघळली तर ती बुरशी नव्हे. पण ओल आहे हे दोन्हींतून सिद्ध होतंच.)

रंगारी महाग पडला की ब्लीचची बाटली निघते. फरशीवर, टाइल्सवर ब्लीच काम करतं. गिलाव्यात ते खोल शिरत नाही. वरचा काळा रंग उडतो, मुळं आत सुखरूप राहतात आणि घरच्यांना विजयाचा भास होतो. मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, ही त्यातली दुसरी गोम. डाग पांढरा झाला तरी पुसून उचलला नाही तर शिंका चालूच. सगळ्यात वाईट गोष्ट घडते ती न्हाणीघरात, जिथे उत्साहाच्या भरात ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र ओतलं जातं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात तो सैन्यावर सोडला होता. फ्लॅटमध्ये त्याची गरज नसते. आणि डाग घासायला कोण बसतं? बहुधा शिंकणारं माणूसच, कारण “तुलाच त्रास होतो ना, मग तूच कर.” तेही कोरड्या ब्रशने, नाकाला ओढणी बांधून. कोरडं घासणं म्हणजे बीजाणूंना खोलीभर फिरायला पाठवणं. ओलं फडकं, एन-९५ मास्क, चष्मा आणि काम करायला दुसरा माणूस, अशी खरी सामग्री आहे. ती शेवटची वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाही.

उपायांच्या बाबतीत प्रत्येक घराची श्रद्धा वेगळी. कपाटात डांबरगोळ्या असतात. त्या कसरीला पळवतात, बुरशीशी त्यांचं वैर फारसं नाही, पण वास इतका दणदणीत की बुरशीचा कुबट वास झाकला जातो आणि सगळ्यांचं समाधान होतं. पुस्तकांत वेखंडाची पुरचुंडी, साड्यांत कडुलिंबाचा पाला. संध्याकाळी धूप आणि ऊद, ओल पळवायला. ज्याची श्वासनलिका आधीच सुजलेली आहे त्याला धूर म्हणजे वेगळा मार, पण हे सांगायचं धाडस करायला त्याच्याजवळ श्वास शिल्लक नसतो. मग रात्री वाफ. नाक मोकळं होतं हे खरं, पण पातेलंभर पाणी पुन्हा त्याच खोलीच्या हवेत.

एक जुना उपाय मात्र खरोखर शास्त्रशुद्ध होता. कपाटात पिवळा दिवा लावून ठेवायचा. कॅमेरा बाळगणारे, तबला-पेटी बाळगणारे, भरजरी साड्या बाळगणारे सगळे हे करत. अठ्ठावीस अंशांची पंचाऐंशी टक्के आर्द्र हवा पस्तीस अंशांपर्यंत तापवली की पाणी तितकंच राहून सापेक्ष आर्द्रता सत्तावन्न टक्क्यांवर उतरते. बुरशी हात टेकते. चाळीस वॅटच्या त्या दिव्याची बहुतेक वीज उष्णतेतच वाया जाते, आणि ही उधळपट्टीच कपाटाला वाचवत होती. २०१५ साली सरकारने उजाला योजना काढली, घरोघरी स्वस्त एलईडी दिवे आले, वीजबिल कमी झालं. कपाटातला दिवाही लोकांनी बदलला. आता आत लख्ख उजेड असतो, हवा थंड असते, आणि पैठणीवर बुरशी किती आली आहे ते अगदी स्पष्ट दिसतं.

नव्या जमान्यात कपाटात कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगतात. त्या हवेतलं पाणी ओढतात, तळाच्या कप्प्यात साठवतात, आणि ‘आज इतकं आलं’ म्हणून पाहुण्यांना दाखवता येतात. ज्याची ऐपत आहे तो डीह्युमिडिफायर आणतो. त्याची टाकी भरलेली पाहण्यात एक वेगळंच सुख असतं. इतकं सगळं पाणी आपण श्वासात घेत होतो, असं घरातला कर्ता दर दोन तासांनी जाहीर करतो. अडचण एवढीच की हे यंत्र खोली बंद ठेवल्यावरच चालतं, आणि मराठी घराचं दार बंद राहत नाही. दूधवाला, कचरावाला, कुरिअरवाला, शेजारच्या काकूंची वाटी. प्रत्येक वेळी दार उघडलं की अरबी समुद्रावरची थोडी हवा आत येते आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. एसीने हवा कोरडी होते खरी, पण त्याची जाळी धुतली नाही, तर त्याच्याच ओल्या पोटात बुरशी बसते आणि बटण दाबल्यावरचा पहिला झोत थेट बीजाणूंचा असतो. शिंक त्याच सेकंदाला येते. “एसी सोसत नाही हिला,” असा निकाल लागतो.

बुरशीची दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण तिचे वकील मोठे आहेत. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले आणि त्यांच्या एका बशीत पेनिसिलियम बुरशीने जिवाणूंना मागे हटवलेलं दिसलं. ती बुरशी खिडकीतून उडत आली अशी गोष्ट शाळेत सांगतात. जास्त पटणारी गोष्ट वेगळी आहे. फ्लेमिंग यांच्या खालच्याच मजल्यावर सी. जे. ला टूश हे बुरशीतज्ज्ञ काम करत, आणि त्यांचं काम होतं दम्याच्या रुग्णांच्या घरांतून बुरशी गोळा करून वाढवण्याचं. त्याच रुग्णालयातले ॲलर्जीचे डॉक्टर जॉन फ्रीमन यांना संशय होता की त्या दम्याचं मूळ बुरशीत आहे. म्हणजे जगाला वाचवणारं औषध लंडनमधल्या कुणा दमेकऱ्याच्या ओल्या भिंतीवरून निघालेलं असण्याची शक्यता बरीच आहे. खालच्या मजल्यावरची बुरशी वरच्या मजल्यावर गेल्याचं, आणि तरीही भांडण न झाल्याचं, हे बहुधा एकमेव उदाहरण. पुढे पेनिसिलिन महाराष्ट्रातही आलं; १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि तिथे बुरशी मोठ्या टाक्यांत सरकारी इतमामात वाढवली जाऊ लागली. त्याच पिंपरीत पुढे एम. जे. तिरुमलाचार यांना बुरशी मारणारं हॅमायसिन सापडलं. ते तयार करणाऱ्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात चक्क पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. बुरशी पोसण्याचा आणि मारण्याचा असा दुहेरी मान दुसऱ्या एखाद्या औद्योगिक वसाहतीला मिळाला असेल, तर तो फार गाजलेला नाही.

यातून शिंकणाऱ्याचा काही फायदा होत नाही. त्याला डॉक्टरकडेच जावं लागतं, आणि तिथे जाण्याआधी घरातल्या एका भीतीला ओलांडून जावं लागतं. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात थैमान घातलं, वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलं, आणि तेव्हापासून भिंतीवर काळा ठिपका दिसला की कुणीतरी डोळे तपासून यायला सांगतं. म्युकरमायकोसिस हा संसर्ग आहे. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचे मोठे डोस यांनी प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला तो होतो, आणि त्या बुरशीचं कूळही निराळं. भिंतीवरच्या ठिपक्याने ॲलर्जी होते, दमा उसळतो. तेवढं पुरेसं आहे. मात्र दमेकऱ्याच्या श्वासनलिकेत ॲस्परजिलसने ठाण मांडून वेगळी, चिवट ॲलर्जी केल्याची उदाहरणं भारतात कमी नाहीत, आणि सुरुवातीला ती क्षयासारखी दिसते. लांबलेला खोकला, त्यातून पडणारे तपकिरी गठ्ठे, हे काढ्यावर सोडायचं प्रकरण नव्हे.

डॉक्टर हातावर थेंबांची रांग लावतात, प्रत्येक थेंबातून सुईने हलकेच टोचतात, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगतात. जिथे गांधी उठते आणि ती तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी भरते, तो आरोपी. शिंकणाऱ्याच्या आयुष्यातला हा मोठा दिवस असतो. इतकी वर्षं जे तोंडी सांगितलं ते आता हातावर लाल अक्षरात उठलेलं असतं, आणि तो हात सांभाळत रिक्षातून घरी येतो, गांधी विरायच्या आत सासूबाईंना दाखवता यावी म्हणून. (चाचणीच्या आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, त्या दिवसांतलं त्याचं वर्णन इथे नको.)

औषधांनाही घरातून मंजुरी लागते. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा रोज नेमाने घेतला तर काही दिवसांनी पूर्ण गुण देतो. तो एकदाच, मान मागे टाकून, जोरात हुंगून घेतला जातो, घशात कडू उतरतो आणि “काही फरक नाही” म्हणून देवघराच्या फळीवर जातो. मान किंचित पुढे, फवाऱ्याचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला, एवढंच ते तंत्र. इनहेलरची गत याहून वाईट. मराठीत त्याला ‘पंप’ म्हणतात, आणि पंपाची सवय लागते अशी सार्वत्रिक समजूत आहे. दम्यात पंप म्हणजे औषध थेट जिथे हवं तिथे, गोळीच्या मानाने अगदी थोड्या मात्रेत. पण गोळी गुपचूप गिळता येते, पंप चारचौघांत दिसतो. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर तो पर्सच्या तळाशी, त्या हिरवट लव आलेल्या कप्प्यात राहतो.

या सगळ्यावर कळस चढतो गणपतीत. आठवडाभर आधी माळा उघडतो. वर चढतो घरातला सगळ्यात सडपातळ माणूस, आणि दैवयोगाने बहुतेक वेळा तोच शिंकणारा निघतो. वरून गेल्या वर्षीचं मखर, समया गुंडाळलेली वर्तमानपत्रं, झांजा, चौरंग, आणि वर्षभर घडी न मोडलेल्या सतरंज्या खाली येतात. सतरंजी खाली टाकली की धप्पकन आवाज होतो आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत, ऊन असलंच तर, सबंध खोली तरंगताना दिसते. पहिल्या आरतीला त्याचा आवाज बसलेला असतो. टाळ्या वाजवता येतात.

ऑक्टोबरच्या उन्हाने भिंत वाळते आणि प्रकरण थंडावतं. पावसात सोसायटीने कंत्राटदाराला बोलावलं होतं, तो म्हणाला होता, “ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग धरत नाही, सुकू द्या.” आता सुकलं, तर समिती म्हणते, “गळतंय कुठे?” यावर खरं तर सोपी चाचणी आहे. गच्चीवर बांध घालून पाणी भरायचं, दोन-तीन दिवस ठेवायचं आणि खालच्या छतावर ओल उमटते का ते पाहायचं. मग पाऊस नसला तरी गळती पकडता येते. हा विषय फेब्रुवारीत निघतो, मार्चमध्ये तीन कोटेशनं येतात, एप्रिलमध्ये सर्वात स्वस्त कोटेशनवर संशय घेतला जातो, आणि सभा भरते तेव्हा मे उजाडलेला असतो, धरणांनी तळ गाठलेला असतो, पाणीकपात सुरू झालेली असते. गच्चीभर पाणी ओतायची सूचना ऐकून पहिल्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहून विचारतात, लोकांना प्यायला नाही आणि तुम्ही स्लॅबला पाजणार का? टाळ्या पडतात. चाचणी पावसाळ्यानंतर करावी असा ठराव मांडला जातो. सेक्रेटरी अनुमोदन विचारतात. मागच्या रांगेत सभागृहाच्या जुन्या पडद्याजवळ बसलेल्या एका गृहस्थांचा हात झटकन वर जातो. ते शिंक आली म्हणून रुमाल काढत असतात. पण तोवर इतिवृत्तात त्यांचं नाव अनुमोदक म्हणून लिहून झालेलं असतं.